अक्कांचं ‘कसाले?’

अभ्यास कसा करावा या विषयावर मी नोकरीत असताना पुष्कळ बोललो. शाळेत बोललो, कॉलेजच्या पोरांपुढे बोललो, धुळ्याला तर हॉलभर शिक्षकांपुढे तासभर बोललो. निवृत्त माणसाला खोटं बोलून काही मिळवायचं उरलेलं नसतं, म्हणून आता सांगून टाकतो. त्या भाषणांत जे कामाचं होतं ते माझं नव्हतं, आणि जे माझं होतं ते कामाचं नव्हतं.

मी जळगावला एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत असे. शिवाय शाळेच्या बोर्डिंगचा सुपरिंटेंडेंट होतो. सुपरिंटेंडेंट म्हणजे काय, तर चाळीस पोरांचा बाप, पण ज्याला एकाही पोरानं बाप म्हणून निवडलेलं नाही असा. ताप कुणाला आला, धोतर कुणाचं हरवलं, पहाटे कोण उठला नाही, हे सगळं माझ्याकडे. पोरं यावल, फैजपूर, धरणगाव, थेट सातपुड्याच्या पायथ्यापासूनची. कुणाच्या घरी केळी, कुणाच्या घरी कपाशी, कुणाच्या घरी दोन्ही नाही. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती आणि घरोघरी एकच वेड शिरलं होतं, पोरगं मॅट्रिक झालं पाहिजे. परीक्षेचं नाव बदललं तरी आम्ही सगळे तिला मॅट्रिकच म्हणायचो.

त्या काळी अभ्यास म्हणजे मोठ्यानं वाचणं. जितका आवाज मोठा तितका अभ्यास पक्का. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की चाळीस पोरं एका लांब खोलीत मांडी घालून बसायची आणि एकदम सुरू व्हायची. शेजारी कापसातली सरकी काढायचा कारखाना, जिन, होता. हंगाम जोरात असला तरी आमच्यापुढे त्याचा आवाज ऐकू येत नसे.

याचा परिणाम सहामाहीत दिसला. फैजपूरकडचा पंढरी नावाचा एक मुलगा होता, गुबगुबीत आणि कायम प्रसन्न. त्याची जागा दोन पोरांच्या मधे. डाव्या बाजूचा रसायनशास्त्र घोकायचा, उजव्या बाजूचा इतिहास. पंढरीनं पेपरात लिहिलं होतं, ‘शहाजहानने जस्तावर सौम्य गंधकाम्ल ओतून ताजमहाल बांधला. तो रंगहीन व गंधहीन असून हवेपेक्षा हलका आहे.’

मी त्याला बोलावून विचारलं, “पंढरी, हे काय लिहिलंस?”

“चुकलं का, सर?” त्यानं पेपर नीट वाचून पाहिला. “आग्र्याला लिहायचं राहिलं.”

हा पेपर हेडसरांपर्यंत गेला. आमचे हेडसर शिस्तीचे आणि काळ्या टोपीचे. ते नुकतेच पुण्याहून कसलासा पंधरा दिवसांचा प्रशिक्षणवर्ग करून आले होते आणि येताना एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन आले होते. त्यांनी मला खोलीत बोलावलं.

“अभ्यास हे एक शास्त्र आहे,” ते म्हणाले. “मुलांना विषय शिकवण्याआधी अभ्यास शिकवला पाहिजे. हे काम तुम्ही करायचं.”

“मी का, सर?”

“तुम्ही त्यांच्याबरोबर राहता.”

मी स्वतः इंटरला दोनदा बसलो होतो आणि मॅट्रिकला भूमितीत कसा निसटलो ते माझं मला माहीत. पण हे हेडसरांना सांगण्याची ती वेळ नव्हती. मी पुस्तक घेतलं, वाचलं, आणि दर शनिवारी सकाळी ‘अभ्यास कसा करावा’ हा तास सुरू केला.

पहिला धडा वेळापत्रकाचा. प्रत्येकानं आपापलं वेळापत्रक करून भिंतीला लावायचं. एका मुलानं ते इतकं मनावर घेतलं की तीन आठवडे तो वेळापत्रकच करत होता. तांबडी शाई, हिरवी शाई, कडेनं वेलबुट्टी. ते पुरं झालं तेव्हा चाचणी परीक्षा होऊन गेली होती.

दुसरा धडा, महत्त्वाच्या वाक्याखाली रेघ ओढावी. पोरांनी तांबड्या पेन्सिली आणल्या आणि सगळ्या पुस्तकांची नांगरणी केली. मी एकाला म्हटलं, “अरे, तू तर सगळ्याच ओळींखाली रेघा मारल्यास.” तो म्हणाला, “सर, सगळंच महत्त्वाचं वाटलं. जे जास्त महत्त्वाचं आहे त्याच्याखाली दोन आहेत.” छापखान्याच्या पत्त्याखालीसुद्धा दोन होत्या.

तिसरा धडा आद्याक्षरांचा. लांबलचक यादी पाठ करायची तर पहिली अक्षरं जोडून एक शब्द करावा, तो लक्षात ठेवावा. भूगोलाच्या पेपरात तिघांनी नद्यांच्या उत्तरात नुसतं ‘तागिपांबोवा’ लिहून खाली सही केल्यासारखी रेघ ओढली. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर. शब्द पक्का लक्षात राहिला होता, नद्या वाहून गेल्या होत्या.

फिरत फिरत वाचल्यानं स्मरण वाढतं, असंही पुस्तकात होतं. ते वाचून चौघं भूगोल घेऊन फिरायला निघाले ते मेहरूणच्या तळ्यावर पोचले. आले तेव्हा खिशांत बोरं होती आणि भूगोल तिथेच राहिला होता.

पण खरा घोळ चौथ्या धड्यानं केला. मूकवाचन. मोठ्यानं वाचल्यानं वेळ जातो, म्हणून मनात वाचावं. मी हुकूम काढला की संध्याकाळी सात ते नऊ एक शब्द ऐकू येता कामा नये. पहिल्याच दिवशी बोर्डिंगात अशी शांतता पसरली की भिंतीवरची पाल चुकचुकली तर तीन पोरं दचकली. साडेसातला दार वाजलं. शेजारच्या जिनमधले दिवाणजी, सगळे त्यांना नाना म्हणत, टोपी घालून, उपरणं खांद्यावर टाकून उभे. चेहरा पडलेला.

हळू आवाजात त्यांनी विचारलं, “कोण गेलं?”

“कोणी नाही, नाना. पोरं अभ्यास करताहेत.”

नानांनी आत डोकावून पाहिलं. चाळीसपैकी तीस पोरं मान खाली घालून झोपली होती. पंढरी झोपेतही पान उलटत होता, एवढी प्रगती मात्र झाली होती.

या शांततेत एक मुलगा खोलीत दिसेनासा झाला. त्याचं नाव रायसिंग. सातपुड्याच्या पायथ्याचा. बाप पावसावरची थोडी शेती करायचा आणि जंगलातून डिंक, चारोळी आणून विकायचा. रायसिंग मॅट्रिकला एकदा नापास झालेला होता, सायन्स आणि गणितात. बोर्डिंगचा नियम होता, दोनदा नापास झाला की जागा सोडायची. त्याच्या गावातून हायस्कुलात आलेला तो पहिलाच. तो परत गेला असता तर पुढं कुणाला पाठवायला गाव धजलं नसतं, हे त्याच्या वडिलांनीच मला ओसरीवर बसून सांगितलं होतं. मुलगा हुशार, पण वर्गात तोंड उघडत नसे. त्याच्या बोलण्याला पोरं हसली होती कधीतरी, तेव्हापासून त्यानं बोलणंच बंद केलं.

तो कुठं जातो ते शोधत मी मागच्या दारानं गेलो, तर स्वयंपाकघरातून त्याचा आवाज येत होता. खणखणीत. मी दाराआड थांबलो.

आमच्या बोर्डिंगचा स्वयंपाक अक्का करायच्या. धरणगावकडच्या. तरुणपणीच विधवा झालेल्या, एक मुलगी सासरी. अक्षरओळख नाही. चुलीवरचा तवा कधी रिकामा नाही आणि तोंडही. रायसिंग चुलीपासून दोन हातांवर भिंतीला टेकून बसला होता, हातात सायन्सचं पुस्तक. मोठ्यानं वाचायला बोर्डिंगात तेवढी एकच जागा उरली होती.

“पाणी तापलं की त्याची वाफ होते. वाफेला जागा जास्त लागते,” तो वाचत होता.

काठवटीतलं पीठ मळता मळता अक्का म्हणाल्या, “कसाले?”

खानदेशीत ‘कसाले’ म्हणजे कशाला, का.

रायसिंग थांबला. “असं पुस्तकात आहे, अक्का.”

“पुस्तकमा शे ते ठीक शे. पन कसाले?”

त्यानं पुढचं पान उलटलं, मागचं उलटलं. मग म्हणाला, “ही भाकरी फुगते ना, ती त्याच्यामुळंच. आत पाणी असतं, त्याची वाफ होते, तिला जागा पाहिजे, म्हणून ती वरचा पापुद्रा ढकलते.”

अक्कांनी तव्यावरच्या भाकरीकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू ती इतकी वर्षं काहीतरी लपवत होती. मग म्हणाल्या, “मंग कालनी भाकर कसाले नही फुगनी?”

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच वेळी दाराशी गेलो. रायसिंगनं दिवसभर सायन्सच्या सरांच्या मागं लागून, सगळं प्रकरण तीनदा वाचून उत्तर आणलं होतं. “परवा पीठ नीट मळलं गेलं नव्हतं, अक्का. भाकरीला चीर पडली. चिरेतून वाफ निघून गेली.”

“म्हंजे मनी चूक?”

“सायन्स असं म्हणतं.”

त्या दिवशी रायसिंगच्या ताटात करपलेली भाकरी पडली. पण वाफेचं प्रकरण त्याला जन्मभरासाठी आलं.

मी रोज जाऊन ऐकत राहिलो. अक्कांना खरोखरच सगळं जाणून घ्यायचं असायचं. पोराची परीक्षा घ्यावी असं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना कळलं नाही की त्या पुढं सरकू देत नसत, आणि कळलं की तोंडभर हसत. पोरगं हसण्याच्या आशेनं सांगायचं. पंढरीला वास लागला, मग आणखी चार-पाच जण आले. महिन्याभरात चुलीपुढं रांग लागायला लागली.

इतिहासाच्या वेळी भानगडी होत. पंढरीनं औरंगजेबानं बापाला कैदेत टाकल्याचं सांगितलं.

“बापले कोंडं? कसाले?”

“राज्य पाहिजे होतं, अक्का.”

अक्कांनी उलथनं खाली ठेवलं. दोन दिवस त्या पंढरीशी बोलल्या नाहीत. मी मध्यस्थी करायला गेलो तर म्हणाल्या, “मास्तरभाऊ, तो इतला हासी हासी सांगे!” पंढरीला तिसऱ्या दिवशी औरंगजेबातर्फे माफी मागावी लागली. पण तेव्हापासून तो इतिहास सांगताना कुणाचं दुःख आहे, कुणाचा फायदा आहे, हे आधी बघायला शिकला. मी वर्गात तीन वर्षं सांगूनही त्याला ते जमलं नव्हतं.

आग्र्याहून सुटकेच्या गोष्टीला अक्कांनी मान डोलावली. मग विचारलं, “पेटारास्मानी मिठाई कोनी खादी?” या प्रश्नावर बोर्डिंगात दोन तट पडले आणि पोरांनी लायब्ररीतली सगळी इतिहासाची पुस्तकं उपसली. मिठाई सापडली नाही. मोगल काळ मात्र पाठ झाला.

या सगळ्यात जेवणाला उशीर व्हायला लागला. भाकऱ्या करपायच्या. ज्यांना अभ्यास नको होता अशा पोरांनी हेडसरांकडे तक्रार केली. एका संध्याकाळी हेडसर न सांगता आले, अभ्यासाच्या खोलीत गेले, तिथं वेळापत्रकांशिवाय कोणी नव्हतं. आवाजाच्या मागानं ते स्वयंपाकघरात आले. मी चुलीजवळ पाटावर बसलो होतो, उठायलाही वेळ मिळाला नाही.

“हे काय आहे?” हेडसरांनी विचारलं.

“अभ्यास, सर.”

“इथं?”

रायसिंगची इंग्रजीची पाळी होती. भीतीनं तो थांबलाच नाही, सांगत राहिला. “इंग्रजीत ‘मी’ या अर्थाचं अक्षर कायम मोठं काढायचं, अक्का. वाक्यात कुठंही आलं तरी मोठं. ‘तू’ आणि ‘तो’ यांची अक्षरं लहान.”

“सोताले मोठं लिखतस नि दुसराले धाकलं?”

“हो.”

“बठ्ठा साहेब लोके आसंच लिखतस?”

“हो, अक्का. सगळेच.”

अक्कांनी भाकरी उलटली. “म्हनीसन त्यासले जानं पडनं.”

हेडसर इंग्रजीचे शिक्षक. त्यांचा चेहरा आधी आवळला, मग मिशी हलली, मग ते भिंतीला हात टेकून हसायला लागले. हसणं आवरून त्यांनी टोपी सारखी केली, मला म्हणाले, “जेवण वेळेवर झालं पाहिजे,” आणि निघून गेले. आम्ही अक्कांची वेळ एक तास अलीकडे आणली आणि भाकऱ्यांना मदतीला एक बाई ठेवली.

रायसिंग त्या वर्षी पास झाला. निकाल वर्तमानपत्रात आला तेव्हा त्यानं आपला नंबर स्वतः पाहिला, मग पंढरीला पाहायला लावला, मग मला, आणि शेवटी पेपर घेऊन अक्कांकडे गेला. अक्कांना नंबर वाचता येत नव्हता. त्यांनी त्या छापलेल्या आकड्यावरून बोट फिरवलं आणि पिठाचं बोट तिथं उमटलं. तो पेपर रायसिंगनं गावी नेला. जळगावच्या कॉलेजात नाव घातल्यावरही तो बोर्डिंगातच राहिला आणि तर्कशास्त्र घेऊन चुलीपुढं बसू लागला. तर्कशास्त्राचं मात्र अक्कांनी फारसं चालू दिलं नाही. ‘सर्व माणसं मर्त्य आहेत’ एवढं ऐकूनच त्यांनी विचारलं, “हाई शिकाले कॉलेज कसाले?”

आता माझ्या चुकीकडे येतो.

त्या वर्षी बोर्डिंगचा निकाल एकदम वर गेला, त्याची बातमी फिरली आणि धुळ्याला शिक्षकांच्या एका मेळाव्यात मला व्याख्यानाचं बोलावणं आलं. निघताना अक्कांनी फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिला. चाळीसगावला गाडी बदलताना मी ते खाल्लं आणि धुळ्याला जाऊन ‘स्वाध्यायाची प्रश्नोत्तर पद्धती’ या विषयावर तासभर बोललो. ‘मी असा प्रयोग केला’, ‘माझ्या असं लक्षात आलं’. टाळ्या पडल्या. शेवटी एका म्हाताऱ्या शिक्षकांनी उठून विचारलं, “पण मुलांना प्रश्न कोण विचारायचं?”

मी म्हणालो, “त्यासाठी एक साहाय्यक व्यक्ती नेमलेली होती.”

का असं म्हणालो? स्वयंपाकीण म्हणायची लाज वाटली, दुसरं काही नाही. ठेच्याची चव जिभेवर होती तेव्हा.

परत आलो तर अक्कांनी विचारलं, “काय सांगं तिठे?”

“अभ्यास कसा करायचा ते सांगितलं.”

“त्यासले समजनं का?”

“समजलं. टाळ्या वाजवल्या.”

“कोनी ‘कसाले’ इचारं का?”

“नाही.”

“मंग नही समजनं,” अक्का म्हणाल्या आणि भांडी घासायला निघून गेल्या. मी त्यांना खरं सांगायचं ठरवलं होतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिलो. दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं. त्या धरणगावला गेल्या आणि लेकीनं त्यांना परत येऊ दिलं नाही. माझं सांगायचं राहूनच गेलं.

नवा स्वयंपाकी अबोल होता. पोरं चुलीपुढं जाऊन बसली तर तो त्यांना लसूण सोलायला द्यायचा. तेव्हा मी ठरवलं की अक्कांची जागा आपण घ्यावी. संध्याकाळी शाळेच्या एका वर्गात खुर्ची टाकून बसलो आणि पोरांना म्हटलं, “सांगा. मी ‘कसाले’ विचारतो.”

काही केल्या जमेना. इतिहासाचं मी विचारायचो, पोरं दोन शब्दांत उत्तर द्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची. पंधरा दिवसांनी मी रायसिंगला विचारलं, की अक्कांपुढं हीच पोरं तास तास बोलत होती, माझ्यापुढं का बोलत नाहीत?

तो म्हणाला, “सर, तुम्हाला उत्तर माहीत असतं. मग सांगायचं कुणाला?”

हे ऐकून मला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही, मी चांगला झोपलो. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्गात गेलो तेव्हा हातात भूमितीचं पुस्तक होतं. मी खुर्चीवर न बसता पहिल्या बाकावर बसलो.

म्हणालो, “पोरांनो, एक खरी गोष्ट सांगतो. मला भूमिती येत नाही. मॅट्रिकला मी प्रमेयं पाठ करून लिहिली. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन होते हे मला पाठ आहे. का होते, ते आजपर्यंत कळलेलं नाही.”

वर्गात कुणी हसलं नाही. पोरं एकमेकांकडे बघत होती. मी थट्टा करतोय की काय, याचा अंदाज घेत असावीत. शेवटी पंढरी उठला. गणितात तो नेहमी काठावर असायचा, पण खडू घेऊन फळ्याकडे गेला आणि एक त्रिकोण काढला. वरच्या टोकातून पायाला समांतर अशी एक रेघ ओढली.

“थांब,” मी म्हटलं. “माझं इथंच अडतं. ही रेघ आली कुठून?”

“मी काढली, सर.”

“पण का? त्रिकोणाला तीन बाजू. ही चौथी कुणी मागितली?”

पंढरी फळ्याकडे बघत राहिला. त्यालाही ती रेघ पाठच होती, हे त्याच्या पाठीवरूनच दिसत होतं. दोघं-तिघं बाकावरून उठून फळ्याजवळ गेले, कुजबुज झाली, त्रिकोण पुसून पुन्हा काढला. बऱ्याच वेळानं पंढरी वळला.

“सर, पंगत वाढायची असली तर पाट आधी मांडतात ना? ह्या तीन कोनांना एका ओळीत बसवायचंय. ओळच नसली तर बसतील कुठं? म्हणून आधी ओळ काढली. हा खालचा कोन इकडं येऊन बसला, हा तिकडं, मधला होताच.”

मी फळ्याकडे पाहिलं. तीन कोन पंगतीला बसलेले स्पष्ट दिसत होते. चाळिशी ओलांडलेला मी, शिक्षक म्हणून पंधरा वर्षं काढलेला, आणि इतक्या वर्षांनी ते समजल्यावर डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं. पोरांना कळू नये म्हणून मी चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात दारात हेडसर उभे दिसले. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. सगळी पोरं उठली. पंढरी हातात खडू घेऊन तसाच थिजला.

“काय चाललंय?” हेडसर म्हणाले.

मी काही बोलायच्या आत पंढरीनंच सांगून टाकलं. “सरांना भूमिती शिकवतोय, सर. त्यांना येत नव्हती.”

हेडसर फळ्याकडे बघत होते. दार त्यांनी मागं लोटून घेतलं, पोरांना हातानंच बसायची खूण केली आणि माझ्या बाकाशी आले. टोपी काढून हातात घेतली आणि इतक्या हळू आवाजात की फक्त मलाच ऐकू यावं, म्हणाले, “सरका जरा.”

मी सरकलो. ते बसले आणि पंढरीला म्हणाले, “ती रेघ कुठून आली, ते परत एकदा सांग.”